इंधन वाचते, मग खप का वाढतो?

एखाद्या विमान कंपनीच्या ताफ्यात नवे प्रवासी विमान दाखल झाले, की वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र छापून येते. दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या अग्निशामक गाड्यांनी पाण्याची कमान केलेली असते, आणि तिच्याखालून ते विमान डौलाने पुढे येत असते. खालच्या बातमीत एक वाक्य हमखास असते: 'हे विमान जुन्या विमानापेक्षा १५ ते २० टक्के कमी इंधन वापरते.'

विद्यार्थी मित्रहो, हे वाक्य खोटे नाही. त्यामागे हजारो अभियंत्यांचे अनेक वर्षांचे कष्ट आहेत, आणि भौतिकशास्त्राचे काही फार सुंदर नियमही आहेत. परंतु हे वाक्य अपुरे आहे. टक्केवारी दिसली की 'कशाची टक्केवारी?' असे विचारावे, ही गणिताच्या तासाला शिकलेली सवय वर्तमानपत्र वाचतानाही ठेवली पाहिजे. विमानांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला, तर उत्तर बरेच वेगळे निघते. त्या उत्तराशी तुमचा संबंध आमच्या पिढीपेक्षा अधिक आहे. का, ते पुढे येईलच.

बचत होते कशी?

प्रथम अभियंत्यांचे श्रेय त्यांना देऊ. विमान पुढे जाते ते न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार. एंजिन हवा मागे फेकते आणि विमानाला पुढे रेटा मिळतो. हा रेटा दर सेकंदाला मागे फेकलेल्या हवेचे वस्तुमान आणि तिला दिलेला वाढीव वेग यांच्या गुणाकाराइतका असतो. म्हणजे तोच रेटा दोन तऱ्हांनी मिळवता येईल: थोडी हवा फार वेगाने फेकून, किंवा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने फेकून.

आता आकडे घालून पाहू. पहिले एंजिन दर सेकंदाला १०० किलोग्रॅम हवेला सेकंदाला ३०० मीटर इतका वाढीव वेग देते. दुसरे ६०० किलोग्रॅम हवेला ५० मीटर इतकाच वेग देते. दोन्ही गुणाकार ३०,००० येतात, म्हणजे रेटा अगदी सारखा. पण मागे सोडलेल्या हवेत किती गतिज ऊर्जा वाया गेली? वस्तुमानाच्या निमपटीला वेगाच्या वर्गाने गुणा. पहिल्या एंजिनाचे उत्तर ४५ लाख ज्यूल येते, तर दुसऱ्याचे साडेसात लाख. रेटा तोच, नासाडी मात्र एक षष्ठांश! याचा अर्थ दुसऱ्या एंजिनाला इंधनही एक षष्ठांश लागेल असा नव्हे, कारण विमान पुढे ढकलण्याचे उपयुक्त काम दोघांनाही सारखेच करावे लागते. पण वायफळ खर्च कमी होतो, हे निश्चित.

जेट विमानांचा गेल्या ६०-६५ वर्षांचा इतिहास म्हणजे याच एका हिशेबाचा पाठपुरावा होय. एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ विमाने आणली. त्यांवर रोल्स-रॉइसची 'कॉनवे' एंजिने होती. सगळी हवा तप्त गाभ्यातून न नेता काही हवा गाभ्याला बगल देऊन मागे सोडायची, ही युक्ती वापरणारे प्रवासी सेवेतील ते पहिलेच एंजिन. पण त्यात बगलेने जाणारी हवा गाभ्यातील हवेच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश इतकीच होती. पुढे एअरबस ए-३२० या विमानांच्या पहिल्या पिढीत हे प्रमाण साडेपाच-सहा पटींवर गेले, आणि 'निओ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या पिढीत ते ११ ते १२ पट झाले आहे. एंजिनाच्या तोंडाशी दिसणाऱ्या पंख्याचा व्यास सुमारे पावणेदोन मीटर होता, तो आता दोन मीटरच्या आसपास गेला आहे. पुढच्या वेळी विमानतळावर गेलात, किंवा छायाचित्र पाहिलेत, तर एंजिनाच्या जाडीकडे अवश्य पाहा. विमानाची पिढी तिच्यावरून ओळखता येते.

मोठ्या पंख्याची एक अडचण असते. तो फार जोरात फिरवला, तर पात्यांची टोके ध्वनीच्या वेगापलीकडे जातात आणि नुकसान होते. उलट त्याला फिरविणारे टर्बाइन मात्र जोरात फिरले तरच चांगले काम देते. दोघांची ही भांडणे मिटविण्यासाठी प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या एंजिनात मध्ये दंतचक्रांची जोडणी बसविलेली असते. टर्बाइनचे साधारण तीन फेरे होतात, तेव्हा पंख्याचा एक होतो. सायकलच्या गिअरचेच तत्त्व, पण हजारो अश्वशक्ती पेलणारे.

दुसरी बचत पंखांच्या टोकांशी होते. पंखाखाली हवेचा दाब अधिक आणि वर कमी असतो. त्यामुळे टोकाशी खालची हवा वर निसटू पाहते, भोवरे निर्माण होतात आणि विमानाला मागे ओढतात. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकल्यानंतरच्या काळात अमेरिकेतील नासा या संस्थेचे रिचर्ड व्हिटकोम यांनी पंखांना उभी टोके जोडून हे भोवरे कमी करता येतात, हे प्रयोगांनी दाखविले. आकाशात संथपणे घिरट्या घालणाऱ्या घारीच्या पंखांची टोकाची पिसे फाकलेली आणि वर वळलेली असतात, हे तुम्ही पाहिले असेलच. ए-३२० वरील अशी टोके सुमारे २.४ मीटर उंच असून, लांबच्या उड्डाणात त्यांनी ४ टक्क्यांपर्यंत इंधन वाचते, असे कंपनी सांगते.

तिसरी बचत वजनाची. बोइंग ७८७ या विमानाच्या सांगाड्याचा वजनाने जवळजवळ निम्मा भाग धातूचा नसून कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचा आहे. विमानात वजन दुहेरी महाग पडते. एक किलो जास्त न्यायचे, तर त्यासाठी इंधन लागते, आणि ते इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन लागते.

काटकसरीलाही किंमत असते

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. कार्यक्षमता काही फुकट मिळत नाही. एंजिन जितके अधिक तापमानावर आणि दाबावर चालवावे, तितके ते कमी इंधनात अधिक काम देते. पण तितकाच त्याच्या धातूवर ताण येतो.

प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या एंजिनांतील काही तबकड्या निकेलच्या मिश्रधातूची भुकटी दाबून व तापवून घडविलेल्या असतात. या भुकटीत काही काळ सूक्ष्म दोष राहून गेला होता, आणि त्यामुळे तबकड्यांना ठरल्या मुदतीआधीच तडे जाऊ शकतात, असे जुलै २०२३ मध्ये उत्पादकांनी जाहीर केले. जगभर शेकडो विमाने तपासणीसाठी जमिनीवर उभी करावी लागली. आपल्याकडे इंडिगो कंपनीची २०२४ च्या सुरुवातीस सत्तरच्या वर विमाने अशी उभी होती. त्याआधीच मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या कंपनीने याच बनावटीच्या एंजिनांच्या तुटवड्याचे कारण देऊन आपली उड्डाणे बंद केली. उणीव भरून काढण्यासाठी इंडिगोला जुन्या पिढीची, अधिक इंधन लागणारी विमानेसुद्धा भाड्याने आणावी लागली. कमी इंधनाच्या विमानामुळे जादा इंधनाचे विमान उडवावे लागले, हा कसला योगायोग!

याहून गंभीर धडा बोइंग ७३७ मॅक्सचा आहे. ७३७ हे विमान प्रथम उडाले १९६७ साली. ते जमिनीपासून कमी उंचीवर असते, कारण त्या काळची एंजिने बारीक होती. मोठ्या पंख्याचे नवे एंजिन बसविण्यास पंखाखाली पुरेशी जागा नव्हती, म्हणून ते पुढे सरकवून आणि वर उचलून बसविण्यात आले. त्यामुळे विमानाचे वागणे काही प्रसंगी बदलले. ते सावरण्यासाठी नाक आपोआप खाली दाबणारी एक प्रणाली घालण्यात आली, आणि ती एका वेळी एकाच संवेदकाच्या मापावर विसंबून होती. ते माप चुकले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात व मार्च २०१९ मध्ये इथिओपियात अशा दोन अपघातांत ३४६ माणसे मेली. इंधन वाचविण्याचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण स्पर्धेच्या घाईत जुन्याच सांगाड्यावर नवी काटकसर बसविली, तर काय होते, ते या विमानाने दाखवून दिले.

टक्के कशाचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. '१५ टक्के कमी' हे दर आसनामागे असते. म्हणजे विमान पूर्ण भरले आहे असे समजून भागाकार केलेला असतो. विमानात माणसे किती बसली, हे त्यात येत नाही.

गणिताच्या सोयीसाठी असे धरू, की १८० आसनांच्या जुन्या विमानाला मुंबईहून दिल्लीला जाण्यास ५,००० किलो इंधन लागते. विमान पूर्ण भरले असेल, तर दर प्रवाशामागे सुमारे २८ किलो इंधन पडेल. आता त्याच मार्गावर १५ टक्के काटकसरीचे नवे विमान घ्या. त्याला ४,२५० किलो इंधन लागेल. पण त्यात १२० च प्रवासी असतील, तर दर प्रवाशामागे ३५ किलोहून जास्त पडते! रिकाम्या विमानाला थोडे कमी इंधन लागेल, हे खरे. पण फरक तेवढ्याने भरून निघत नाही. भरलेले जुने विमान हे तिसरा हिस्सा रिकाम्या असलेल्या नव्या विमानापेक्षा काटकसरी ठरते.

आणखी एक हिशेब करा. विमानाचे इंधन म्हणजे एक प्रकारचे केरोसीन. त्याच्या रेणूंत कार्बनच्या दर अणूमागे साधारण दोन हायड्रोजन अणू असतात. अशा गटाचे वस्तुमान १४, आणि त्याच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या रेणूचे ४४. म्हणजे १ किलो इंधन जाळले, की ३ किलोहून थोडा जास्त कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. इंधनापेक्षा धूर जड कसा, असे विचाराल, तर उत्तर सोपे आहे: वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. २८ किलो इंधनातून सुमारे ८७ किलो वायू तयार होतो. मुंबई ते दिल्ली एका बाजूच्या प्रवासात आपण आपल्या वजनाहून जास्त कार्बन डाय-ऑक्साइड आकाशात सोडून येतो!

जेव्हन्स यांचा कोळसा

पण समजा, सगळी विमाने नवी आली आणि सगळी भरलीसुद्धा. तरी एकूण इंधन कमी होईल का? इथे दीडशे वर्षांहून जुना एक विचार उपयोगी पडतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. जेम्स वॉटच्या वाफेच्या एंजिनाला आधीच्या एंजिनांपेक्षा पुष्कळच कमी कोळसा लागत असे. मग इंग्लंडमध्ये कोळशाचा खप कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो वाढला. कारण काम स्वस्त झाले, आणि स्वस्त झाल्यामुळे जिथे पूर्वी एंजिन परवडत नव्हते, तिथेही ते आले.

विमानांचे तसेच झाले आहे. १९९० ते २०१९ या काळात जगात विमानाने दर प्रवाशाला दर किलोमीटरमागे लागणारी ऊर्जा निम्म्याहूनही कमी झाली. इतकी प्रगती फार थोड्या यंत्रांनी केली असेल. पण त्याच काळात विमान वाहतूक सुमारे चौपट झाली. परिणामी विमानांतून बाहेर पडणारा एकूण कार्बन डाय-ऑक्साइड कमी तर झाला नाहीच, उलट जवळजवळ दुप्पट झाला. भारतात २०१४ साली देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या पावणेसात कोटींच्या आसपास होती. २०२४ मध्ये ती १६ कोटींवर गेली.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ही सर्व वाढ इंधनबचतीमुळेच झाली, असे म्हणता येणार नाही. लोकांचे उत्पन्न वाढले, नवे विमानतळ झाले, कंपन्यांत स्पर्धा आली. पण तिकीट स्वस्त होण्यात इंधनबचतीचा वाटा आहेच, कारण आपल्याकडच्या विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा भाग तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असू शकतो. तेव्हा बचतीने खप आपोआप घटेल, ही समजूत तरी सोडून द्यावी लागेल.

मुंबईचेच उदाहरण घ्या. तिथल्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमाने आकाशात घिरट्या घालतात आणि इंधन नुसतेच जळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे या घिरट्या कमी व्हाव्यात, ही अपेक्षा रास्त आहे. पण मोकळी झालेली जागा तशीच मोकळी राहील की नव्या उड्डाणांनी भरून जाईल, हे जेव्हन्स यांना विचारण्याची गरज नाही.

एक ताफा, पंचवीस वर्षे

आता काळाचा हिशेब. प्रवासी विमान साधारणपणे २५ वर्षे उडते. म्हणजे जगातल्या ताफ्याचा वर्षाला ४ टक्के भाग बदलतो, असे धरू. १०० जुनी विमाने आहेत आणि त्यांना १०० एकके इंधन लागते. दरवर्षी ४ विमाने मोडीत काढून १५ टक्के काटकसरीची ४ आणली, तर इंधन किती झाले? ९६ अधिक ३.४, म्हणजे ९९.४. बचत अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त! आता वाहतूक दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढते असे धरा. म्हणजे त्या वर्षी आणखी ४ नवी विमाने आली. त्यांचे ३.४ मिळवा. बेरीज १०२.८ झाली. विमाने चांगली झाली आणि इंधनही जास्त लागले. हाच हिशेब २५ वर्षे पुढे चालवा. वाहतूक जवळजवळ २.७ पट होईल, सगळी विमाने नवी असतील, आणि तरीही इंधन सव्वादोन पटींवर गेलेले असेल.

त्यातच नवी विमाने मागितली की मिळतात, असेही नाही. एअरबसने २०१९ मध्ये ८६३ विमाने ग्राहकांच्या हवाली केली होती. २०२४ मध्ये हा आकडा ७६६ होता. बोइंगने त्या वर्षी ३४८ विमानेच दिली. एअरबसकडे २०२४ च्या अखेरीस साडेआठ हजारांहून अधिक विमानांची मागणी नोंदलेली होती. त्या वर्षाच्या गतीने ती पुरी करण्यास ११ वर्षे लागतील. जी विमाने आली नाहीत, त्यांच्या जागी तोवर जुनी उडत राहतात.

आता तुमचा संबंध कुठे येतो, ते पाहा. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी जाहीर केली. इंडिगोची ही विमाने २०३० ते २०३५ या काळात यायची आहेत. त्यांतले शेवटचे विमान २०३५ मध्ये आले, तर ते २०६० पर्यंत उडेल. आज नववीत असलेला विद्यार्थी तेव्हा पन्नाशीला आलेला असेल. २०५० पर्यंत कार्बनचा निव्वळ भार शून्यावर आणू, असे जगातल्या विमान कंपन्यांच्या संघटनेने २०२१ साली ठरविले आहे. पण २०५० मध्ये उडणारी पुष्कळशी विमाने आजच मागविली गेली आहेत, आणि ती केरोसीनसारख्या इंधनावरच चालणार आहेत. निर्णय घेणारे तेव्हा निवृत्त झालेले असतील. परिणाम भोगणारे तुम्ही असाल.

मग विमाने बंद करायची का?

नाही. असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. आपल्या देशातील बहुसंख्य माणसे आजवर एकदाही विमानात बसलेली नाहीत. आखाती देशांत राबून वर्षा-दोन वर्षांनी घरी येणाऱ्या कामगाराला विमानावाचून दुसरा मार्ग नाही. एखाद्या रुग्णासाठी अवयव दुसऱ्या शहरातून न्यायचा, तर मिनिटे मोजावी लागतात. वर्षाला शंभरदा उडणाऱ्या आणि पहिल्यांदाच उडणाऱ्या माणसाला एकाच मापाने मोजता येणार नाही. शिवाय जगातील एकूण कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. आकाशात उमटणाऱ्या बर्फकणांच्या पांढऱ्या रेषांचा उष्णतेवरील परिणाम धरला, तर भार आणखी वाढतो. तरी वीजनिर्मिती, कारखाने आणि रस्त्यांवरील वाहने यांना सोडून एकट्या विमानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे बरोबर नाही.

नवे इंधनही येत आहे. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात, पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून तयार केलेले इंधन अल्प प्रमाणात मिसळले होते. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण २०२४ मध्ये जगातील विमान-इंधनात अशा इंधनाचे प्रमाण सुमारे ०.३ टक्के होते. आणि उसापासून इंधन करायचे, तर उसाला लागणाऱ्या पाण्याचा विचारही मराठवाड्यातील वाचकांना सांगायला नको. म्हणून त्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

माझ्या मते तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत.

पहिली, हिशेब पुरा मांडावा. विमान कंपनीने दर आसनामागे किती बचत झाली हे सांगताना, त्याच ओळीत त्या वर्षी एकूण किती टन इंधन जाळले, हेही सांगावे. एक आकडा अभियंत्याचे कौशल्य सांगतो, दुसरा पृथ्वीवरचा भार सांगतो. पहिल्याने दुसऱ्याला झाकू नये.

दुसरी, जिथे रेल्वे चांगली आहे, तिथे विमानाची गरज पडू नये, अशी सोय करावी. छोट्या अंतराच्या उड्डाणात वर चढण्यासाठीच इंधनाचा मोठा भाग खर्च होतो. फ्रान्सने २०२३ साली, जिथे रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येते, असे काही देशांतर्गत हवाई मार्ग कायद्याने बंद केले. आपल्याकडे सक्ती करण्याआधी सोय वाढवावी. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरे झाले. पोलादी रुळावर पोलादी चाकाला होणारा विरोध फार थोडा असतो, त्यामुळे प्रवाशामागे ऊर्जा कमी लागते. आज आपली बरीचशी वीज कोळशापासून होते, हा आक्षेप खरा आहे. पण वीज उद्या सूर्यापासून घेता येईल आणि तीच गाडी त्याच रुळांवर चालेल. आकाशातल्या विमानाची टाकी इतक्या सहज बदलता येणार नाही.

तिसरी, वाढीची घाई करताना सुरक्षिततेची आणि चाचण्यांची मुदत कापू नये. मॅक्सच्या अपघातांत मेलेल्या ३४६ माणसांचा हाच निरोप आहे.

शिक्षकांना एक विनंती. वर दिलेली गणिते फळ्यावर सोडविण्यास एक तासही लागणार नाही. संवेग, गतिज ऊर्जा, रासायनिक समीकरण, टक्केवारी आणि चक्रवाढ हे पाचही धडे त्यांत येतात. ती सोडवून झाल्यावर वर्गाला एवढेच विचारावे: गावातील प्रत्येक घराने कमी विजेचा दिवा लावला, पण दिव्यांची संख्या तिप्पट केली, तर विजेचे बिल कमी येईल की जास्त? मुले उत्तर लगेच देतील. विमानांच्या बाबतीत तेच उत्तर द्यायला मोठ्या माणसांना मात्र वेळ लागतो आहे.

नव्या विमानाच्या पाण्याच्या कमानीकडे कौतुकाने पाहावे, कारण ते कौतुक त्याने कमावलेले आहे. पण बातमीतला १५ टक्क्यांचा आकडा दिसला, की पेन्सिल उचलून त्याच्या शेजारी एक लहानसे प्रश्नचिन्ह काढावे.